उलट करून पाहणारी कुंदा

कुंदा मला शेवटची भेटली ती अंबरनाथच्या एका नर्सिंग होममध्ये, खिडकीशेजारच्या खाटेवर. नर्स तिचं ब्लडप्रेशर बघून पट्टा गुंडाळत होती, तर ही म्हणाली, "आता उजव्या हाताला लावा." नर्स बिचारी नवीन होती. "मॅडम, आत्ताच घेतलंय ना, सेमच येणार." कुंदाने उजव्या दंडावरची बाही आधीच वर सरकवली होती. "सेम येणार हे तुम्हाला न घेता कसं कळलं?" मी नर्सला खुणेनेच सांगितलं, घे बाई, नाहीतर तुझी ड्यूटी संपली तरी ही तुला सोडायची नाही. उजव्या हातालाही तेवढंच आलं, म्हणजे फारच जास्त आलं. "बघ रंजू, यंत्राचा दोष नाही, माझाच आहे," असं म्हणून ती हसली, आणि मग माझ्याकडून मोसंबं सोलून घेत कॉलेजच्या चौकशा करत बसली. प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागल्या का, स्टाफरूमचा पंखा दुरुस्त झाला का... दोन दिवसांनी मी बीएस्सीच्या मुलांचं टायट्रेशन घेत असताना शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. एरवी व्हरांड्याच्या त्या टोकापासून निरोप ओरडत येणारा माणूस, पण तोंडातून शब्द काढेना, तेव्हाच मला कळलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलांच्या ब्युरेटींच्या नळ्यांतून थेंब पडतच होते. कुणीतरी विचारलं, "मॅडम, पिंक झालं, थांबू का?" मी म्हणाले, थांब.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. कॉलेजात शोकसभा झाली, त्यात एकामागून एक लोक उठून 'आदर्श शिक्षिका, आदर्श सून' म्हणत होते, आणि माझं डोकं फिरत चाललं होतं. माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मला कुणी बोलायला बोलावलं नसावं. बोलावलं असतं तर मी सांगितलं असतं की कुंदा आदर्श वगैरे काही नव्हती. तिला इलेक्ट्रॉन मोजायचे होते, आणि ती अंबरनाथच्या दोन खोल्यांत अडकून पडली. तिला कुणी कोंडलं नव्हतं. दार सताड उघडं होतं, आणि तरीही ती बाहेर पडू शकली नाही. हे मी जवळून पाहिलेलं आहे आणि तेच मला लिहायचं आहे.

ती आमच्या कॉलेजात आली तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी केमिस्ट्रीची, ती फिजिक्सची, आणि दोघींच्या प्रयोगशाळांच्या मध्ये एकच सामाईक भिंत. मी बदलापूरची, बेलवलीच्या आगरी घरातली, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. ती ठाण्याच्या ब्राह्मणाघरची, मुंबईच्या मोठ्या संशोधन संस्थेतून आलेली, युरोपातल्या एका प्रयोगशाळेत वर्षभर राहून आलेली. मला वाटलं होतं ही नाक वर करून चालेल. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातलं सुक्या बोंबलांचं कालवण बघून म्हणाली, "मी खात नाही, पण वास चांगला आहे. पुढच्या वेळी खाऊन बघेन." खरंच खाल्लं तिने. लग्न करून ती अंबरनाथला आली होती. तिचे यजमान सुधीरराव तिथल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर. सज्जन, हळू आवाजात बोलणारा माणूस. संस्थेतलं काम तिने पूर्ण सोडलेलं नव्हतं. युरोपातल्या प्रयोगाची आकडेमोड तिच्याकडे पोस्टाने येत असे आणि ती इथे बसून त्यावर काम करत असे.

तिचा विषय मला समजला तो असा. वीज आणि चुंबक ही एकाच बलाची दोन रूपं, हे आपण शाळेतच शिकतो. अणूच्या पोटात आणखी एक बल असतं, फार अशक्त, आणि काही अणूंमधून किरणं बाहेर पडतात ती त्याच्यामुळे. नवा सिद्धांत असा होता की हे अशक्त बल आणि वीज हीसुद्धा मुळात एकच. पण हे कागदावर. निसर्गाला विचारायचं कसं? तर इलेक्ट्रॉनचा झोत कार्बनच्या तुकड्यावर मारायचा आणि आपटून विखुरलेले इलेक्ट्रॉन मोजायचे. "इलेक्ट्रॉन गिरक्या घेत येतो असं धर," कुंदा सांगायची, "काही डाव्या गिरकीचे, काही उजव्या. विजेला दोघेही सारखेच. अशक्त बल मात्र भेदभाव करतं." म्हणून एकदा डावे सोडायचे, एकदा उजवे, आणि मोजणीत फरक पडतो का ते बघायचं. सिद्धांताने सांगितला तेवढाच फरक पडला, तर दोन्ही बलं एकाच घरातली. गोम अशी, की लाखो इलेक्ट्रॉन मोजावेत तेव्हा कुठे एखाद-दुसऱ्याचा फरक. झोत केसभर सरकला तरी तेवढा खोटा फरक दिसतो. मग खरा कोणता आणि यंत्राचा कोणता? त्यावर उपाय एकच, उलट करून बघायचं. जे डावं ते उजवं करायचं. फरक खरा असेल तर त्याचं चिन्ह उलटतं, अधिकचं उणे होतं. यंत्राची खोड असेल तर चिन्ह जिथल्या तिथे राहतं.

ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की तिच्याबरोबर बाजारात जायची सोय नव्हती. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडे आम्ही सुका मेवा घ्यायचो. त्याने बदाम तोलले की ही म्हणायची, "साईं, अब बदाम इधर और वजन उधर." पहिल्यांदा तो असला भडकला! "मॅडम, पंद्रह साल से धंधा कर रहा हूँ, किसी ने काँटे पे उँगली नहीं उठाई. भरोसा नहीं है तो सामान मत लो." मी तिचा हात ओढतेय, मागे गिऱ्हाईकं तुंबलेली, आणि ही शांतपणे उभी. शेवटी त्याने तणतणत पारडी बदलली. बदामाचं पारडं जे खाली गेलं ते वर येईचना. म्हणजे काटा खोटा होताच, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने खोटा. दुकानदार आधी काट्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. "अरे, मतलब इतने साल से मैं ही लुट रहा था?" त्यानंतर आम्ही गेलो की तो नोकराला हटवून स्वतः उठायचा आणि न सांगता दोनदा तोलायचा. मला अजूनही ते आठवून हसू येतं.

त्याच सुमारास तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीच गेली. आतल्या खोलीत खाट पडली आणि खाटेच्या पायथ्याशी कुंदाचं टेबल, कारण दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, कॉलेजला रविवारची. शुक्रवारी सुधीरराव आईपाशी, रविवारी कुंदा, मधल्या दिवसांत एक बाई यायची, तीही तिच्या मर्जीने. नवरा-बायकोला एकत्र सुट्टी अशी मिळतच नसे. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी, आणि संध्याकाळी कंपन्यांचा वास सुटला की तीसुद्धा बंद करायची. मी कधी गेले तर कुंदा एका हाताने सासूबाईंना भरवतेय आणि नजर टेबलावरच्या आकड्यांवर, असं चित्र. तिला मूल झालं नाही. त्याबद्दलही त्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. त्या घराची हीच रीत होती, कुणी कुणाला काही म्हणत नसे.

मग बोलावणं आलं. प्रयोगाची मुख्य फेरी सुरू व्हायची होती, सहा महिन्यांची, ज्यातून अखेरचं उत्तर निघणार होतं. मुंबईच्या गटातून एकाने जायचं होतं आणि तिच्या सरांनी तिचंच नाव घातलं होतं. मोजलेल्या आकड्यांत एक खोट तिने इथे बसून हेरली होती. उलट करूनही काही फरकांचं चिन्ह उलटत नव्हतं, आणि ते कशाने, हे यंत्रापाशी उभं राहूनच सापडलं असतं. त्या दिवसांत ती वेगळीच दिसायची. जिन्यावरून चढतानासुद्धा गुणगुणायची. तिने घरी सांगितलं. सुधीरराव म्हणाले, "तुझं तू ठरव. माझी काही हरकत नाही." नणंद पुण्याहून आली, ती म्हणाली, "आम्ही कोण सांगणार, तुझं तू ठरव." सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि डोळे मिटून घेतले. त्याचाही अर्थ तोच. मला वाटलं, वा, किती समजूतदार माणसं! सगळ्यांनी मोकळीक दिली, आता अडचण ती काय? पण कुंदाचं गुणगुणणं बंद झालं.

त्या शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर ती आमच्याकडे बेलवलीला आली होती. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढा पडला होता, आणि माझी आई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. कुंदाने गंमत म्हणून तिलाही विचारलं, "आई, मला परदेशात बोलावलंय सहा महिने. जाऊ का?" आईने सूप खाली ठेवलं. "मना इचारशील तं नको जाव."

"का हो?"

"म्हातारीला हागवनार-मुतवनार कोन? तुजा नवरा? त्याला सोताचा चा करता येतंय का आधी बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंदाचा चेहरा मात्र फुलला. ती आईच्या समोर फतकल मारून बसली आणि भांडायला लागली. नवऱ्याला चहा येत नाही हा माझा दोष का? बाई ठेवता येत नाही का? तुमचा मुलगा गेला असता तर तुम्ही नको म्हणाला असतात? आई एकेक मुद्दा उडवून लावत होती, कुंदा नवा मुद्दा काढत होती, दोघींचे आवाज चढलेले, शेजारीण डोकावून गेली. शेवटी आई म्हणाली, "जा गो बाय, तू काय आयकनार नायस. जेवून तं जा." जाताना कुंदा मला म्हणाली, "किती बरं वाटलं गं आज." मला तेव्हा कळेना की नको जाऊ म्हटल्यावर माणसाला बरं कसं वाटतं.

कळलं ते बारवी धरणावर. स्टाफची सहल होती, मंडळी पाण्याकडे गेली होती, आम्ही दोघी झाडाखाली सतरंजीवर. ती म्हणाली, "रंजू, मी घरी उलट करून पाहिलं."

"काय उलट करून पाहिलंस?"

"मागच्या आठवड्यात जेवताना ह्यांना सांगितलं, माझं ठरलं, मी जाते. हे म्हणाले, ठीक आहे, तुझं तू ठरव. काल सांगितलं, नाही, मी जात नाही. हे म्हणाले, ठीक आहे, तुझं तू ठरव. त्याच आवाजात. भाजी वाढ म्हणावं तसं." ती गवताची काडी तोडत राहिली. "चिन्ह बदललंच नाही गं. म्हणजे ते उत्तर मला नव्हतंच. मी विचारलं नसतं तरी तेच आलं असतं."

"मग जा ना! ते हरकत घेत नाहीत तर जा!"

"कुणी धरून ठेवलं असतं तर हात सोडवून गेले असते. इथे कुणी धरतही नाही, सोडतही नाही. आईंची कूस बदलायची वेळ मात्र दर दोन तासांनी होते."

मी भडकले. म्हटलं, मग मी सांगते, जा! निघ! ती माझ्याकडे प्रेमाने बघून म्हणाली, "तुझं सांगणं मोजणीत धरता येत नाही. तू त्या घरात राहत नाहीस." तेवढ्यात कुणीतरी भेळ झाली म्हणून हाका मारायला लागलं आणि आम्ही उठलो.

ती गेली नाही. जात नाही, असंसुद्धा तिने कधी म्हटलं नाही. कळवायची मुदत आली आणि टळली, बस्स. सरांनी दुसऱ्याला पाठवलं, आणि त्याने तिथे जाऊन ती खोट शोधली. तिला जसा संशय होता तशीच निघाली म्हणे. वर्ष-दोन वर्षांनी निकाल लागला. फरक सिद्धांताने सांगितला तेवढाच, उलट केल्यावर चिन्ह उलटणारा. शोधनिबंधावर पुष्कळ नावं होती, त्यात शेवटून कुठेतरी हिचं. त्या दिवशी तिने स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हिंदीच्या सरांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "किसका लड़का पास हुआ?" ती म्हणाली, "कार्बनचा." सर म्हणाले, "अच्छा, अच्छा, बधाई हो." आम्ही दोघी प्रयोगशाळेत जाऊन पोट धरधरून हसलो. आणि हसता हसता ती एकदम स्टुलावर बसली. "बरोबर आलं गं," ती म्हणाली, "मी नसतानाही बरोबर आलं." मी उरलेले पेढे डब्यात भरत राहिले.

नव्वदचं दशक असंच गेलं. तिने शिकवलं, उत्तम शिकवलं. तिच्या विद्यार्थ्यांपैकी चार पोरं बाहेर गेली, त्यांना निरोप द्यायला ती विमानतळावर कधी गेली नाही. आकडे येणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. वजन वाढलं, पायांवर सूज यायला लागली. कधी मधल्या तासाला आम्ही वालधुनी नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो आणि आज कुठल्या कारखान्याने पाण्याला काय रंग दिलाय ते बघून परत यायचो. तेवढाच तिचा फिरायचा भाग. चिडली असती, रडली असती, नवऱ्याला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या वतीने सुधीररावांवर इतकी वर्षं मनातून दात धरून होते. माझ्या मते तो माणूस पळपुटा होता.

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले. कंपनी बंद पडल्यापासून ते घरीच असतात, शुक्रवार काय नि सोमवार काय. त्यांनी स्वतः चहा केला. चांगला केला होता. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं बसलो, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "सुधीरराव, तेव्हा तुम्हाला खरं काय वाटत होतं? तिने जावं की जाऊ नये?"

त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊ नये."

"मग म्हणाला का नाहीत?"

"रंजनाताई, माझे वडील आईला माहेरीसुद्धा जाऊ देत नसत. नाही म्हणजे नाही. आई दारात पिशवी घेऊन उभी राहायची आणि परत आत यायची. मी लहानपणीच ठरवलं होतं, आपण बायकोला कधी नाही म्हणायचं नाही." त्यांनी कप बशीत फिरवला. "त्या आठवड्यात रोज ओठांवर यायचं... नको जाऊ, मला एकट्याला जमायचं नाही, मला भीती वाटते. रोज गिळलं. मला वाटलं, मी चांगला वागतोय."

आतल्या खोलीत पंखा कुरकुरत होता.

"आता वाटतं," ते म्हणाले, "नको जाऊ म्हणालो असतो तर भांडली असती. आणि भांडली असती तर गेली असती."

या माणसावर इतकी वर्षं रागावून मी जे मनात जमवलं होतं ते कुठे ठेवावं कळेना. तेवढ्यात आतून देवघरात असते तसली घंटी वाजली, लागोपाठ दोनदा. मी दचकले. "आईच्या उशाशी ठेवलीय," सुधीरराव म्हणाले, "हाक मारता येत नाही ना नीट. एकदा वाजवली की मी जायचं, दोनदा वाजवली की कुंदाने, असं ठरलेलं. आईला सगळं माहीत आहे, दहाव्याला रडली पण. तरी दोनदाच वाजवते."

"मग सांगा ना त्यांना, आता एकदाच वाजवा म्हणून."

ते उठले, माझा रिकामा कप उचलला, परत खाली ठेवला. "कसं सांगू?" म्हणाले आणि आत गेले. मला पडद्याआडून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, जड जिभेने कसाबसा काढलेला, पण नाव स्पष्ट, "कुंदा?"

सुधीरराव म्हणाले, "हो आई, आलो."